चार जोडपाव

"उद्या माझ्यासमोर तू बसायचंस, आगाथा," दोरीने आवळलेल्या पेटीवर बसत ट्रुडा म्हणाली. "एकोणतीस वर्षांत एकदाही माझे पाय धुतले नाहीस तू! जर्मनीत गेल्यावर कोण कुठल्या गावी जाऊन पडेल, देव जाणे. उद्या काय ते धुऊन टाक."

आगाथाच्या हातातला कप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता निसटला. फुटला नाही, पण तिच्या काळजात मात्र काहीतरी तडकलं.

"मी पाणी तापवायला असते ना, ताई... सगळ्या बायकांना कोमट पाणी पुरवायचं म्हणजे..."

"पाणी तुझी सून तापवेल. एर्नाला काय हात नाहीत? आणि घाबरू नकोस बाई, माझ्या पायांना आठच बोटं आहेत. धुवायला सोपे!"

ट्रुडा आपल्याच विनोदावर खळखळून हसली. आगाथाही हसली... हसावंच लागलं. कोक-तेरेक गावात पॉपलरच्या रांगांमागे सूर्य कलला होता, रस्त्यावरच्या बर्फाचा चिखल झाला होता, आणि गुरुवारी पहाटे हे घर कायमचं बंद व्हायचं होतं. मुलगा डाविड, सून एर्ना, विधवा आगाथा आणि तिची नणंद ट्रुडा, चौघांचे पूर्वजांच्या देशात, जर्मनीत, परतण्याचे कागद आले होते. चार दिवस! चार दिवस जीभ आवरली की सुटलो, असं आगाथा स्वतःला बजावत होती. आणि त्याच क्षणी तिच्या आतून कुणीतरी विचारत होतं, सुटशील? कशापासून?

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची रीत जुनी होती. प्रभुभोजन झालं की पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत, दोघी दोघी समोरासमोर बसून एकमेकींचे पाय धूत, पुसत आणि गळाभेट घेत. प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे. मात्र एक अट होती. जिच्याविषयी पोटात काही दडवलं आहे, तिच्या पायांना हात लावायचा नाही. आधी बोलून मोकळं व्हायचं. म्हणून तर आगाथा इतकी वर्षं पाणी तापवत आली होती. शेगडीशी उभं राहणाऱ्या बाईला कुणी बसायला सांगत नाही. मंडळीतल्या म्हाताऱ्या म्हणत, आगाथासारखी सेवा कुणाची नाही! ते शब्द तिच्या अंगावर निखाऱ्यासारखे पडत.

एकोणतीस वर्षांपूर्वी ती एकवीस वर्षांची होती. याकोबशी लग्न होऊन दहा महिने झाले होते, पोटात डाविड होता. आईबाप गेलेल्या त्या घराची कर्ती होती सत्तावीस वर्षांची ट्रुडा. प्रार्थनेला जमायला सरकारची बंदी होती, तरी विश्वासणारे जमत. आणि जमण्याची वेळ तोंडाने कधी सांगत नसत. ज्या घरी उपासना, त्या घरी शनिवारी जोडपाव भाजायचे; खाली मोठा गोळा, त्यावर लहान गोळा दाबून बसवलेला, लोण्याने मऊ झालेला. मग सात घरी सात ताटल्या जायच्या, आणि ताटलीत जितके पाव, तितक्या वाजता यायचं. परक्या शेजाऱ्यांनाही पाव जायचे, पण ते न मोजता, ढीग करून. सात वर्षं हे गुपित पावाच्या पोटात सुखरूप राहिलं होतं.

आणि आगाथाच्या पावांची डोकी नेहमी कलंडायची! ट्रुडा चिडवायची, "आमच्या वहिनीचे पाव भट्टीतून बाहेर पडतानाच मान टाकतात!" त्या शनिवारी मात्र काय झालं कोण जाणे, एकूण एक पाव ताठ मानेने बाहेर आला. सोनेरी, डौलदार! आगाथाला आनंद मावेना. ग्रामकचेरीतली लिखापढी करणारी झिनाइदा तिला विहिरीवर टोमणे मारायची, जर्मनाची सून आणि पाव येत नाही म्हणून. तिला दाखवलेच पाहिजेत! तिने उरल्यासुरल्यांतले सर्वांत देखणे चार निवडले आणि ताटली घेऊन धावत गेली.

"चारच?" झिनाइदाने भुवया उंचावल्या. "एवढी कंजुषी?"

आणि आगाथा... ती वेडी, ती गर्विष्ठ पोर... हसून म्हणाली, "आज सगळ्यांनाच चार!" पाव मोजून वाटले जातात, हे कचेरीला कळायला तेवढं पुरेसं होतं.

रविवारी चार वाजता उघडं पुस्तक मधे ठेवून सगळे डोळे मिटून बसले असताना दार लाथेने उघडलं गेलं. अधिकाऱ्याने ताटली उचलून विचारलं, "हे पाव कुणी भाजले? बोलावणं कुणी धाडलं?" आगाथाने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत ट्रुडा उठली होती.

"मी भाजले, बोलावणंही माझंच. माझ्या भावजयीला पावाची डोकी नीट बसवता येत नाहीत, विचारा की कुणालाही!"

त्या भयाच्या क्षणीही दोनचार जणांना हसू आलं. ते हसू ओसरेपर्यंत ट्रुडाच्या हातांना धरून तिला गाडीत घातलं होतं. तीन वर्षं! उत्तरेच्या थंडीत, लाकडं तोडण्याच्या छावणीत. परतली तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं तिथल्या बर्फाने ठेवून घेतली होती.

एवढंच असतं, तरी आगाथा कदाचित रडून मोकळी झाली असती. पण त्या दिवशी सात घरांपैकी एक माणूस आला नव्हता. ट्रॅक्टर चालवणारा इसाक. ट्रुडाशी त्याचं लग्न ठरलं होतं. नांगरणीच्या शेतात ट्रॅक्टरचा पट्टा तुटला म्हणून तो अडकला, असं तो सांगत राहिला. पण त्याच आठवड्यात त्याला कचेरीत दोनदा बोलावलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, कॉर्नेलियस यांनी सर्वांसमोर विचारलं, "कुणाला काही माहीत आहे?" आगाथा तिसऱ्या बाकावर बसली होती. पोटातलं बाळ लाथ मारत होतं. बोल... बोल... असंच जणू ते सांगत होतं. ती बोलली नाही. आणि इसाकला मंडळीबाहेर काढलं.

बाहेर काढलेल्याबरोबर कुणी जेवत नाही, कुणी त्याला भाऊ म्हणत नाही. ट्रुडा छावणीतून आली, त्या दिवशी तो बसथांब्यावर तिच्यासाठी दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे नवे बूट घेऊन उभा होता. ट्रुडाने मान फिरवली आणि त्याच्या बाजूने चालती झाली. त्यानंतर दोघांनीही लग्न केलं नाही. इसाक गिरणीपाशी एकटा राहिला, गावाच्या चुली आणि भट्ट्या बांधत. आगाथाच्या घरची भट्टीही त्यानेच बांधली. काम करताना दुपारी तिने त्याचं ताट रीतीप्रमाणे उंबऱ्यावर ठेवलं, आणि तो उंबऱ्याबाहेर बसून निमूट जेवला... ज्या भट्टीत ती पुढे बावीस वर्षं पाव भाजणार होती, त्या भट्टीची माती त्याच्या नखांत होती!

याकोब गेला, तेव्हा मरणाच्या खाटेशी तिने तोंड उघडलं होतं. पण तो इतक्या शांतपणे तिच्याकडे बघत होता, की तिने नुसतं पाणी पाजलं.

या रविवारी मात्र एर्नाने पाणी तापवलं. प्रभुभोजन झालं होतं. शेजारच्या खोलीत पुरुषांचं गीत चाललं होतं. समोर ट्रुडाने मोजे उतरवले, पाय टोपात ठेवले आणि डोळे मिटले. विश्वासाने मिटलेले ते डोळे! आगाथा गुडघ्यांवर बसली. पाण्यात हात घातला, आणि तो दोन बोटांच्या मोकळ्या जागेपाशी येऊन थांबला.

प्रभू, मला बळ दे. आयुष्यभर तिने हेच मागितलं होतं; पण गप्प राहण्याचं बळ मागितलं होतं. आज पहिल्यांदा तिला कळलं, की ते बळ देवाने तिला कधी दिलंच नव्हतं. ती आपल्याच ताकदीवर गप्प होती, आणि ती ताकद आता संपली होती.

"ताई... मला धुता येत नाही."

"का ग? गुडघा धरला?"

"त्या शनिवारी मी झिनाइदाकडे ताटली नेली. चार पाव. तिनं विचारलं, चारच? मी म्हटलं... आज सगळ्यांनाच चार."

ट्रुडाने डोळे उघडले. क्षणभर ती हसण्याच्या बेतात होती, जणू आगाथा कुठला जुना विनोद सांगते आहे. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावरच विझलं.

"तू बोललीस? तू?"

"मी, ताई. घमेंडीत बोलले. आणि मग भीतीने गप्प बसले. एकोणतीस वर्षं..."

तुरुंगाचं काही ट्रुडाने विचारलं नाही. पायांचं विचारलं नाही. अगदी हळू, जणू उत्तराची भीती वाटावी तसं, तिने एकच विचारलं.

"आणि इसाक?"

"इसाकने काही केलं नाही. कधीच काही केलं नाही!"

पाणी हिंदकळलं. ट्रुडाने पाय बाहेर काढले. तशाच ओल्या पायांनी, बायकांच्या रांगेतून, दारातून, अंगणातून ती चालत निघाली. आगाथा तिचे बूट उराशी धरून मागे धावली, "ताई, पायात घाला हो! बर्फ आहे! मला मारा, थुंका माझ्यावर, पण पायात घाला!" ट्रुडाने मागे वळून पाहिलं नाही. चिखलबर्फात आठ बोटांची पावलं उमटवत ती गिरणीकडे गेली. लांबून आगाथाला एवढंच दिसलं, की इसाकचं दार उघडलं... बराच वेळ उघडंच राहिलं... आणि मग मिटलं.

आगाथा परत फिरली. पुरुषांच्या खोलीत बाई जात नाही; ती गेली. उभ्याने सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे कॉर्नेलियस वडील बाकावर खाली खाली बसत गेले.

"त्याने माझ्यासमोर तीनदा शपथ घेतली होती," ते पुटपुटले. "आपल्या मंडळीत शपथ घेत नाहीत, म्हणून मी त्यालाच रागावलो होतो..."

घरी डाविडने हातातली दोरी फेकली. "आई, गुरुवारी निघायचंय! आत्ताच सुचलं तुला?"

"एकोणतीस वर्षं गप्प बसलात," एर्नाने डोळे पुसत म्हटलं, "आणखी चार दिवस काय जड होते, आई?"

"तेच चार दिवस जड होते ग," आगाथा म्हणाली.

सोमवारी अंगणापलीकडच्या ट्रुडाच्या खोलीतून धूर निघाला नाही. मंगळवारी आगाथा पाणी आणायला गेली आणि परतली, तेवढ्यात बांधाबांध केलेल्या सामानातून ट्रुडाची पेटी नाहीशी झाली होती. दोरी मात्र नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली. ती येणार नव्हती! ज्या हातांनी डाविडला न्हाऊ घातलं, ज्या हातांनी याकोबचे डोळे मिटवले, ते हात निरोपालाही मिळणार नव्हते. आगाथाने गुडघे टेकले. क्षमा मागायचं धाडस झालं नाही. ताईचे पाय तेवढे ऊबेत ठेव, एवढंच तिने मागितलं.

बुधवारी दुपारी दारावर थाप पडली. उंबऱ्याबाहेर, बरोबर जिथे कधीकाळी त्याचं ताट ठेवलं जायचं तिथेच, इसाक उभा होता. पांढरी दाढी, मातीने भेगाळलेले हात, आणि हातांत फडक्याने झाकलेली ताटली.

आगाथाने फडकं उचललं. चार जोडपाव. चारही पावांची डोकी एका बाजूला कलंडलेली!

"हसू नका," इसाक गंभीरपणे म्हणाला. "चुलीवाल्याचीच भट्टी वाकडी. एका अंगाने तापते. दोन दिवस तेच ऐकतोय मी."

आगाथाला हसू आलं नाही, रडूच फुटलं. "आत या... आत या, इसाकभाऊ!"

त्या शब्दाने म्हाताऱ्याचा चेहरा हलला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग एक पाय उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला, आणि मागे घेतला.

"आज नको. भट्टीत अजून आहेत, करपतील. ताटली परत हवी आहे म्हणाली." तो वळला, पुन्हा थांबला. "पट्टा खरंच तुटला होता हो."

"मला ठाऊक होतं, भाऊ. ठाऊक होतं..."

"हं," तो म्हणाला. "कुणाला तरी ठाऊक होतं, हे बरं."

याहून कठोर शब्द आगाथाला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं, आणि तो तर साधेपणाने बोलून गेला होता.

चारच्या ठोक्याला ती ताटली, चारही पावांसकट, घेऊन गिरणीपाशी पोचली. खोली लहान, स्वच्छ. ट्रुडा भट्टीजवळच्या खुर्चीवर बसली होती. पायांत नमद्याचे बूट होते, जुन्या धर्तीचे, कधी न वापरलेले, एका बाजूने कसरीने खाल्लेले. आगाथाने ते ओळखले. बसथांब्यावरचे बूट! या माणसाने सव्वीस वर्षं ते जपून ठेवले होते.

समोर टोप, पाण्याची किटली, टॉवेल.

"बस," ट्रुडा म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणि माफ केलं का, ते विचारू नकोस. रविवारपासून मी तुला दहादा माफ केलं आणि अकरा वेळा पुन्हा राग आला. आज सकाळी तर तुझ्या नावाने कणीक इतकी बडवली, की यालाच तिची दया आली."

"बडवलीच होती," इसाक भट्टीकडे तोंड करून म्हणाला.

"ऐक. छावणीत मी रोज पहाटे पहिली एकच प्रार्थना करायचे. ज्याने आमची चहाडी केली, त्याला क्षमा कर. रोज! दात वाजत असायचे, बोटं काळी पडत होती, तरी म्हणायचे. ते म्हटलं नसतं तर द्वेषानेच मेले असते मी. त्या प्रार्थनेनेच मला जगवलं. आणि नाव घ्यायचे याचं!" तिचा आवाज फाटला. "ज्याने काहीच केलं नव्हतं, त्याला मी क्षमा करत बसले, आगाथा! परत आल्यावर एकदा तरी विचारायचं होतं मी, की इसाक, खरं काय ते सांग. नाही विचारलं. क्षमा करणारीचा तोरा मोठा होता माझा. तुझ्या पावांपेक्षा ताठ!"

"ताई, तो दोषही माझाच..."

"सगळं स्वतःकडे ओढू नकोस. माझं मला राहू दे." तिने नाक पुसलं. "मग वाटलं, त्या तीन वर्षांच्या प्रार्थना गेल्या कुठे? याला तर त्यांची गरज नव्हती. पत्ता चुकीचा होता खरा, पण देव काय पत्ता वाचून टपाल वाटतो? ज्याच्या त्याला पोचल्या असतील... तुलाच पोचल्या असतील. म्हणून तर तोंड उघडलं तुझं."

तिने वाकून बूट काढले. आठ बोटांचे पाय पाण्यात ठेवले.

आगाथा गुडघ्यांवर बसली आणि हात पाण्यात घातले. या वेळी ते थांबले नाहीत. टाचेच्या भेगा, घोट्याचं हाड, आणि मग ती मोकळी जागा, गुळगुळीत, जुनी, शांत. तिने तो पाय पाण्यातून उचलला आणि तिथे कपाळ टेकलं. अश्रू पाण्यात पडत राहिले. ट्रुडाचा हात बराच वेळ खुर्चीच्या काठावर आवळलेला होता. मग तो सुटला, आणि जड, कणकेचा वास असलेला, आगाथाच्या डोक्यावर येऊन विसावला.

"ऊठ आता. तुझे पाय आण. रीत दोघींची असते."

इसाक सगळा वेळ भट्टीत विनाकारण लाकडं सारत होता. दोघींचे पाय पुसून झाल्यावर त्याने ताटली टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढताना क्षणभर घुटमळला. रविवारी ट्रुडा येईपर्यंत एकोणतीस वर्षांत मंडळीतलं कुणी त्याच्यासह टेबलाशी बसलं नव्हतं. आगाथाने स्वतः त्याची खुर्ची पुढे सरकवली. तिघांनी हात जोडले. प्रार्थना कुणी म्हणायची? दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्याने घसा खाकरला, दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला, आणि शेवटी नुसतं "आमेन" म्हणाला.

"मी उद्या येत नाही, कळलं ना?" पाव मोडत ट्रुडा म्हणाली. "तू जा. डाविडला तिकडे सांभाळणारं कुणी हवं. आणि पत्र लिही. आता काही लपवायचं नाही, तेव्हा लांबलचक लिही."

"कॉर्नेलियस वडील रविवारी इथे येणार आहेत," आगाथा म्हणाली. "भाऊंचे पाय धुवायला. सगळ्यांसमोर बोलले तसं."

"येऊ देत," इसाक म्हणाला. "त्यांच्या घरचं धुरांडंही तुंबलंय. येताना सांगतील."

तिघांनी तीन जोडपाव खाल्ले. ताटलीत एक उरला. आगाथाने तो ट्रुडापुढे सरकवला, ट्रुडाने इसाकपुढे, इसाकने परत मधे. मग ट्रुडा त्या कलंडलेल्या पावाकडे बघत राहिली. तिच्या कपाळाची शीर ताठली. ओठ हलले, आवाज न करता; बरीच जुनी, रोज पहाटे म्हटलेली एखादी ओळ म्हणावी तसे. तिने त्याचं डोकं अंगठ्याने दाबून सरळ बसवलं आणि पाव फडक्यात गुंडाळून आगाथाच्या हातात दिला.

"जाता जाता हा झिनाइदाकडे दे. डोळे गेलेत म्हणे तिचे, एकटीच असते."

आगाथाने फडक्याची गाठ आवळली. "तिनं विचारलं, एकच का, तर काय सांगू, ताई?"

ट्रुडाने बुटांत पाय सरकवले आणि भट्टीकडे तोंड फिरवलं.

"सांग, आज सगळ्यांनाच एक."